ऑलिव्हचे तेल आणि आपल्या घरातले तेल



ऑलिव्हचे तेल आपल्याला अगदीच परके नाही. पवित्र गुरुवारच्या विधीत आशीर्वादित होणारी तेले पूर्वापार याच फळाची. पुढे 1972 साली पोप सहावे पॉल यांनी आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगासाठी दुसऱ्या वनस्पतीचे तेलही चालेल असे ठरवले, कारण जगाच्या पुष्कळ भागांत ऑलिव्ह मिळणे कठीण. स्वयंपाकघरात मात्र उलटे घडते आहे. घरात कोणाला हृदयविकार झाला की शेजारीपाजारी सांगतात, "ऑलिव्हचे तेल आणा." उधना-लिंबायतकडे यंत्रमागावर राबणाऱ्या खानदेशी कुटुंबाला ती बाटली शेंगदाणा तेलाच्या कितीतरी पट महाग पडते. म्हणून त्यात आहे तरी काय, हे नीट समजून घेऊ.

तेल उघडे राहिले की खवट होते. हवेतला प्राणवायू तेलातील स्निग्धाम्लांशी संयोग पावतो, त्याला ऑक्सिडीकरण म्हणतात. आपल्या रक्तातील चरबीवरही अशीच क्रिया होते आणि तशी बिघडलेली चरबी रक्तवाहिनीच्या भिंतीत साचण्यास मदत होते. ही क्रिया रोखणाऱ्या द्रव्यांना ऑक्सिडीकरणविरोधी द्रव्ये म्हणतात. ऑलिव्ह तेलात ई जीवनसत्त्व असते, आणि शिवाय हायड्रॉक्सीटायरोसॉलसारखी पॉलिफेनॉल गटातील द्रव्ये असतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2011 साली मान्य केले की रोज 20 ग्रॅम ऑलिव्ह तेलातून ही द्रव्ये निदान 5 मिलिग्रॅम मिळाली तर रक्तातील चरबीचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण होते. ताजे, चांगले तेल गिळताना घशाला जो ठसका लागतो, तो ओलिओकॅन्थल या द्रव्यामुळे. ते वेदनाशामक आयब्युप्रोफेन गोळीसारखे काम करते, असे 2005 साली दाखवले गेले.

पण ही द्रव्ये फळ नुसते दाबून काढलेल्या, म्हणजे व्हर्जिन तेलात असतात. आपल्याकडे 'लाइट' किंवा 'पोमेस' म्हणून जे स्वस्तात मिळते ते बहुतांशी शुद्धीकरण केलेले असते आणि त्यात ही द्रव्ये जवळजवळ उरत नाहीत. पैसे मात्र ऑलिव्हच्या नावाचे जातात!

स्पेनमध्ये सुमारे 7,400 लोकांवर मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2013 साली आले, आणि काही चुका आढळल्यावर 2018 साली सुधारून पुन्हा छापले गेले. व्हर्जिन ऑलिव्ह तेल आणि भाज्या-कडधान्यांचा आहार घेणाऱ्यांत हृदयविकार व पक्षाघाताचे प्रमाण सुमारे 30 टक्के कमी दिसले. पण प्रत्येक कुटुंबाला आठवड्याला एक लिटर तेल फुकट मिळत होते, हेही ध्यानात घ्या. दुसऱ्या गटाला तेलाऐवजी अक्रोड, बदाम, हेझलनट दिले, त्यांनाही जवळपास तितकाच लाभ झाला. म्हणजे यश एकट्या बाटलीचे नव्हे, साऱ्या ताटाचे. केवळ ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन हृदयविकार टळत नाही, हेही 2000 सालच्या मोठ्या चाचणीत दिसून आले.

आता आपल्या घाण्याकडे वळू. तिळात सेसामिन आणि सेसामोलिन ही द्रव्ये असतात. तीळ भाजले की सेसामोलिनपासून सेसामॉल तयार होते आणि तेही ऑक्सिडीकरणविरोधी आहे. तिळाचे तेल लवकर खवट होत नाही ते यामुळेच. शेंगदाण्याच्या तेलात ऑलिव्हमधलेच मुख्य स्निग्धाम्ल, ओलिक, चाळीस टक्क्यांच्या आसपास किंवा अधिक असते आणि ई जीवनसत्त्वही असते. भरताच्या वांग्याला शेंगदाणा तेलाची फोडणी देणाऱ्या आपल्या आईने काही चूक केलेली नाही. मात्र शेंगा ओलसर राहिल्या, बुरशी धरली तर अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. घाण्यावर देण्यापूर्वी दाणे चांगले वाळवा आणि काळे, सुरकुतलेले निवडून टाका.

सुरतेत सरकीच्या तेलाचा मान मोठा. येथील कापूस संशोधन केंद्रातूनच डॉ. सी. टी. पटेल यांनी 1970 साली 'हायब्रिड-4' हे जगातले पहिले व्यापारी संकरित कापूस वाण दिले. पण सरकीला 'घाण्याचे ते चांगले' हा नियम लावू नका. कच्च्या सरकीत गॉसिपॉल नावाचे विष असते. चीनच्या काही खेड्यांत कच्चे सरकीचे तेल खाऊन पुरुषांत वंध्यत्व आले होते. अल्कली घालून शुद्ध केल्यावरच ते खाण्यास योग्य होते.

सुरतचे जेवण आणि काशीचे मरण, अशी म्हण आहे. पण ते जेवण बहुतेक कढईतून निघते. तेल पुन्हापुन्हा तापले की त्यातील रक्षक द्रव्ये आधी संपतात आणि मग अपायकारक घटक वाढतात. 1 जुलै 2018 पासून कायद्याने असे पोलर घटक 25 टक्क्यांवर गेलेले तेल तळायला वापरता येत नाही. घरी हे मोजण्याचे साधन नाही, म्हणून खूण पाहा. तेल काळपट व दाट झाले, फेस येऊ लागला, लवकर धूर निघू लागला की ते टाकून द्या. उरलेले जुने तेल नव्यात मिसळण्याची सवय तर सोडाच, जुन्यामुळे नवे लवकर बिघडते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला 25 ग्रॅम आणि स्त्रीला 20 ग्रॅम तेल-तूप पुरेसे म्हटले आहे. ऑलिव्हचे दोन चमचे यात बदली म्हणून येतील, वरून भर म्हणून नव्हे. ज्यांना परवडते त्यांनी व्हर्जिन तेल कोशिंबिरीवर घ्यावे. बाकीच्यांनी घाण्याचे ताजे शेंगदाणा किंवा तिळाचे तेल महिनाभर पुरेल इतकेच आणावे आणि स्टीलच्या झाकणबंद डब्यात, शेगडीपासून दूर ठेवावे. खिडकीत ऊन लागणारी काचेची बाटली दिसायला छान, पण उन्हाने तेल लवकर बिघडते.