नागपूरहून भूगावला बिऱ्हाड हलवताना

प्रश्न : नोकरीमुळे जुलैत नागपूरहून मुळशीतल्या भूगावला भाड्याच्या फ्लॅटमध्ये जायचंय. काय काळजी घ्यावी?

उत्तर : जमल्यास सामान जूनआधीच हलवा. मुळशीचा पाऊस एकदा लागला की दिवसदिवस उघडत नाही. गाद्या आणि पुस्तकं प्लास्टिकमध्येच बांधा. मला खरी काळजी पाण्याची वाटते. वॉचमनला थेट विचारा : मे महिन्यात रोज किती टँकर येतात? त्यांचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत का? सामानासाठी लिफ्ट कधी मिळते, हेही विचारून घ्या. करार तोंडी नको. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लेखी करार नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. सिलिंडर-रेग्युलेटर नागपुरातच जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या. दागिने आणि मूळ कागदपत्रं मात्र ट्रकमध्ये देऊ नका, स्वतःजवळच ठेवा.