आपला ससा कोणत्या जातीचा?



आठवीच्या वर्गातील दोन मैत्रिणी चार दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या. चौकशी केली तेव्हा कळले की भांडण सशावरून आहे. दोघींचेही ससे पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे. एकीच्या वडिलांनी तो ‘शुद्ध अंगोरा’ म्हणून जास्त पैसे देऊन दुकानातून आणला होता. दुसरीचा शेजाऱ्यांच्या घरी जन्मला, आणि त्याचे आईवडील दोघेही तपकिरी. पहिली म्हणाली, "तपकिरी आईबापांचे पिल्लू पांढरे कसे? तुझा ससा भेसळीचा!" दुसरी रडली.

आम्ही दोघींना ससे घेऊन शाळेत बोलावले. त्या दिवशी प्रयोगशाळेत जो पाठ झाला, तो सर्वांसाठी येथे देत आहोत.

1. पांढरा रंग म्हणजे जात नव्हे

जगातील सगळे पाळीव ससे युरोपातील एकाच रानटी सशापासून आले. माणसाने निवड करून त्यांच्या पुष्कळ जाती तयार केल्या. अमेरिकेतील ससेपालकांच्या संघटनेच्या यादीत आज 50 हून अधिक जाती आहेत.

सशाच्या रंगाचे एक जनुक चार रूपांत आढळते: पूर्ण रंग, चिंचिला, हिमालयन आणि पांढरा. प्रत्येक सशात यांपैकी दोन रूपे असतात, एक आईकडून व एक वडिलांकडून. पूर्ण रंग सर्वांत प्रभावी, पांढरा सर्वांत अप्रभावी. म्हणून तपकिरी सशाच्या पोटी पांढरे रूप लपलेले असू शकते. असे दोन तपकिरी ससे एकत्र आले, तर सरासरी चारांपैकी एक पिल्लू पांढरे होते. यात भेसळ कसली? हा मेंडेलचा नियम आहे.

उलट, लाल डोळ्यांचा पांढरा ससा हा पडद्याआड बसलेला ससा समजा. त्याच्या अंगी काळा, तपकिरी, ठिपक्यांचा असे रंग असू शकतात, पण पांढरा पडदा ते दिसू देत नाही. म्हणून केवळ रंगावरून त्याचे कूळ सांगता येत नाही.

2. मग अंदाज कशावरून करावा?

वजन: पूर्ण वाढलेला न्यूझीलंड व्हाइट 4 ते 5 किलो भरतो. नेदरलँड ड्वार्फ ही बुटकी जात साधारण 1 किलोची. (न्यूझीलंड व्हाइट ही जात तयार झाली अमेरिकेत! नावावर जाऊ नये.)

केस: अंगोऱ्याची लोकर लांब असते व नियमित कातरावी लागते. लांब केसांचे जनुकही अप्रभावी आहे. रेक्स जातीचे केस आखूड व मखमली असतात. चिंचिलाच्या अंगावर फुंकर मारली की केसांवर करडे, पांढरे, काळे पट्टे दिसतात.

कान: लोंबते कान असतील तर पूर्वजांत लॉप जात असावी.

नाक-कान-पाय काळे, बाकी अंग पांढरे: हे हिमालयन रूप. शरीराचा जो भाग थंड, तेथेच हा रंग उमटतो. त्यामुळे आपल्या सुरतेच्या उन्हाळ्यात तो फिका पडू शकतो.

आम्ही दोन्ही ससे तोलले. ‘अंगोरा’ 4 किलोंच्या वर भरला आणि केस अगदी आखूड. तो शुद्ध अंगोरा नाही, एवढे खात्रीने सांगता येते. न्यूझीलंड व्हाइटचा अंश असावा, हा अंदाज. दुसरा अडीच किलोचा. लहान जातीचा काही अंश असेल, याहून जास्त बोलता येणार नाही. वडिलांना थोडे वाईट वाटले. आम्ही म्हणालो, "झाले ते बरेच झाले. अंगोरा थंड हवेचा प्राणी. आपल्याकडे मे महिन्यात त्याचे हालच झाले असते." आपल्या देशात अंगोरा ससे हिमाचलमधील कुलू जिल्ह्यात गडसा येथील सरकारी केंद्रात पाळतात, ते थंडीमुळेच.

3. उसाच्या शेतातला ससा

पाठ चालू असता एक मुलगा म्हणाला, "सर, ऊसतोडीत आम्हाला पिल्लू सापडले. ते कोणत्या जातीचे?" आम्ही हिंदी माध्यमात शिकलो; तेथे खरगोश आणि खरहा असे दोन शब्द होते. मराठीत दोघांनाही ससाच म्हणतात, म्हणून घोटाळा होतो. शेतातला तो रानससा. पाळीव सशाची गुणसूत्रे 44, रानसशाची 48. दोघांचा संकर होत नाही. पाळीव सशाचे पिल्लू जन्मतः उघडे व मिटल्या डोळ्यांचे असते. रानसशाचे केसाळ व उघड्या डोळ्यांचे. त्याची आई दिवसभर दूर राहते आणि बहुधा अंधार पडताना दूध पाजायला येते. पिल्लू अनाथ समजून घरी आणू नये. रानसशाला 1972 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षणही आहे. त्या मुलाने वडिलांबरोबर जाऊन संध्याकाळच्या आत पिल्लू त्याच शेताच्या बांधावर ठेवले.

दोघी मैत्रिणी आता बोलतात. दोन्ही सशांच्या वजनाची एकच वही त्यांनी केली आहे. वहीत दोन रकाने आहेत: ‘पाहिले’ आणि ‘वाटते’. मुलांनो, सशाबद्दल असो वा माणसाबद्दल, हे दोन रकाने कधी एक करू नका.

स्वाध्याय
1. दोन पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या सशांना तपकिरी पिल्लू होईल का? कारण सांगा.
2. घरच्या किंवा शेजारच्या पाळीव प्राण्याचे निरीक्षण करून वरील दोन रकाने भरा.