मुलांचा मेंदू आणि हातातला पडदा

मूल रडले की मोबाईल, जेवले नाही की मोबाईल, घरी पाहुणे आले की मोबाईल! हे चित्र आज घरोघरी दिसते. आपल्या खडकी बाजारात भाजी घेणाऱ्या आईच्या कडेवरचे दीड वर्षाचे बाळही इवल्याशा बोटाने पडदा सरकवीत असते आणि आपण कौतुकाने म्हणतो, "किती हुशार आहे पाहा!" ही खरोखर हुशारी आहे काय? याचा थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

यात आईवडिलांना दोष देण्याचा उद्देश नाही, हे प्रथमच सांगतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि मोबाईल हीच शाळा होऊन बसली. शिवाय आणखी एक कारण आहे, ते सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. माझी आई चौथी शिकलेली. बहिणीचा मुलगा दिवसभर तिच्याजवळ असतो. ती त्याच्या हाती मोबाईल देते आणि म्हणते, "त्यात इंग्रजी गाणी आहेत, एबीसीडी आहे. मी अडाणी बाई, मी काय शिकवणार त्याला?" ज्या घरांतून आमच्यासारखी मुले प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढली, त्या घरांना हे वाक्य ओळखीचे वाटेल. परंतु शास्त्र नेमके याच्या उलट सांगते.

जन्मतः बाळाच्या मेंदूचे वजन प्रौढ माणसाच्या मेंदूच्या सुमारे पाव असते. पाच वर्षांपर्यंत मेंदूची सुमारे नव्वद टक्के वाढ होऊन जाते. या काळात मेंदूतील पेशी एकमेकींशी झपाट्याने जोडल्या जातात. रानातल्या पायवाटेसारखेच हे आहे. ज्या वाटेने रोज जा-ये होते ती रुळते. जिच्यावरून कोणी जात नाही ती बुजते. बाळ 'बा' म्हणते, आई हसून 'बा-बा' म्हणते, बाळ पुन्हा काही बोलू पाहते. या देवाणघेवाणीतून भाषेची वाट रुळत असते. पडदा बोलतो पुष्कळ, पण बाळाने काय म्हटले ते ऐकून घेत नाही.

यासंबंधी अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कुल यांनी केलेला प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा वेळा चिनी भाषा ऐकविण्यात आली. काही बाळांशी चिनी बोलणारी माणसे समोर बसून खेळली, त्यांनी पुस्तके वाचून दाखविली. इतरांना तीच माणसे, तेच बोलणे चित्रफितीतून दाखविले अथवा नुसते ऐकविले. माणसांबरोबर खेळलेली बाळे चिनी भाषेतले ध्वनी वेगळे ओळखू लागली. चित्रफीत पाहणारी बाळे मात्र काहीही शिकली नव्हती! जे जिवंत माणसाला साधले, ते पडद्याला साधले नाही.

येथे कोणी म्हणेल, दूरदर्शन तर पूर्वीही होते. खरे आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. पण तेव्हा कार्यक्रम ठरलेल्या वेळी संपत असे. मोबाईलवर एक चित्रफीत संपण्यापूर्वीच दुसरी हजर असते. नवे काही दिसले की मेंदूत डोपामिन नावाचे रसायन स्रवते व आणखी पाहावेसे वाटते. 'आता पुरे' म्हणणारा मेंदूचा कपाळामागचा भाग पूर्ण पक्व व्हायला मात्र विशी ओलांडावी लागते. मग तीन वर्षांच्या मुलाने आपणहून मोबाईल खाली ठेवावा, ही अपेक्षा कशी धरावी? त्यातच रात्रीचा पडद्याचा प्रकाश झोप आणणाऱ्या मेलाटोनिनचे प्रमाण कमी करतो. अपुऱ्या झोपेने मूल चिडचिडे होते आणि चिडले म्हणून पुन्हा मोबाईल मिळतो!

मग उपाय कोणता? सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या खेड्याने २०२२ च्या ऑगस्टमध्ये एक मार्ग दाखविला. सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजे आणि दीड तास घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाईल बंद होत. आरंभी पुरुष मंडळी हसली. गावातील स्त्रियांनी मात्र कल्पना उचलून धरली. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या व निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. यातील मर्म असे की, नियम एकट्या मुलांना नव्हता, थोरांनाही होता. स्वतः मोबाईलमध्ये डोके घालून "तू अभ्यास कर" म्हणणाऱ्या बापाचे कोण ऐकणार?

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा आहे : दोन वर्षांखालील बाळाला पडदा दाखवूच नये, दूरच्या आजीआजोबांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल, कारण तेथे समोरचे माणूस उत्तर देते. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास, तोही मोठ्यांच्या सोबतीने. जेवताना आणि झोपण्यापूर्वी तासभर मोबाईल दूरच बरा.

हे सारे मी आईला सांगितले, तेव्हा तिने विचारले, "पण मी बोलू तरी काय त्याच्याशी?" मी म्हणालो, "वाटाणे सोलतेस ना? तेच बोल." आता ती शेंग फोडते, दाणे मोजते, तोही तिच्यामागून 'एक, दोन, पाच' असे मोजतो. त्याचे मोजणे चुकते. पण चुकले की आजी हसते आणि पुन्हा सांगते. हे काम कोणत्याही मोबाईलला जमणारे नाही. पालकहो, मुलाशी बोलायला पदवी लागत नाही. आपली बोली, आपल्या गोष्टी आणि दिवसातला थोडा निवांत वेळ एवढे भांडवल प्रत्येक घरात आहे. ते आपल्या मुलांसाठी खर्च करू या.