नो-पार्किंगचा दंड: भरायचा की भांडायचा?

प्रश्न : आम्ही तीन वर्षांपूर्वी पुण्याहून बंगळुरूला आलो आणि येलहंका उपनगरात राहतो. गाडी पुण्याचीच, एमएच १२ क्रमांकाची. एका सकाळी जुन्या येलहंक्यात बाजाराजवळच्या गल्लीत गाडी लावली होती. पाच आठवड्यांनी नो-पार्किंगच्या दंडाचा संदेश आला. सोबतच्या फोटोत गाडीची मागची बाजू आणि नंबरप्लेट दिसते, फलक कुठेच दिसत नाही. गल्लीच्या तोंडाशी फलक आहे, पण तो झाडाच्या फांद्यांत झाकलेला. लंडनचे माझे मेहुणे म्हणतात, कौन्सिलकडे अपील कर, सुटशील. शेजारी म्हणतात, थांबा, पन्नास टक्क्यांची सवलत येतेच. पत्नी म्हणते, भरून मोकळे व्हा. कोणाचं ऐकावं?
— एक वाचक, येलहंका

उत्तर : तिघांचाही सल्ला आपापल्या जागी समजण्यासारखा आहे, पण तिघांनीही गाडी नेमकी कुठे उभी होती हे विचारलेलं दिसत नाही. दंडाची रक्कम लहान असली की माणूस ती मनःस्तापाशी तोलून पाहतो, नाहीतर स्वाभिमानाशी. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही वजनं खोटी आहेत. त्या जागी, त्या वेळी गाडी उभी करायला मनाई होती का, आणि असल्यास ते सिद्ध करता येईल असा पुरावा समोरच्याकडे आहे का, एवढं पाहून ठरवायचं असतं. या दोन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तर सवलतीची वाट न पाहता पैसे भरावेत. एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल, तर रक्कम कितीही किरकोळ असली तरी आधी लेखी हरकत घ्यावी. कारण नोटिशीतली चूक नजरेस आणून देण्याला फारसा खर्च नाही. खर्च सुरू होतो तो न्यायालयात, आणि तिथपर्यंत जायचं की नाही हा नंतरचा प्रश्न.

मेहुण्यांच्या सल्ल्यापासून सुरुवात करतो. तो इंग्लंडात बरोबर आहे आणि येलहंक्यात गैरलागू. इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी पार्किंगचा दंड हा दिवाणी स्वरूपाचा असून तो स्थानिक कौन्सिल लावतं. चौदा दिवसांत भरला तर निम्माच द्यावा लागतो. कौन्सिलने हरकत फेटाळली तर त्यावर स्वतंत्र न्यायाधिकरण आहे, लंडनपुरतं वेगळं आणि उरलेल्या इंग्लंडसाठी वेगळं. आपल्याकडे कथा निराळी आहे. २ सप्टेंबर २०२५ पासून बंगळुरूची एक महापालिका जाऊन पाच झाल्या आणि येलहंका बंगळुरू उत्तर महापालिकेत गेलं. पण यांपैकी कोणतीही पालिका तुमच्या नोटिशीमागे नाही. पालिका फार तर पार्किंगचं शुल्क घेते. दंडाची नोटीस वाहतूक पोलिसांची असते आणि ती मोटार वाहन कायदा, १९८८ खाली निघते. म्हणजे कितीही क्षुल्लक असला तरी हा फौजदारी स्वरूपाचा आरोप आहे. पालिकेच्या वॉर्ड कार्यालयात अर्ज देऊन त्यातून काही निघणार नाही. वाट दोनच टप्प्यांची आहे, आधी वाहतूक पोलीस आणि तिथे भागलं नाही तर दंडाधिकारी. फौजदारी असण्याचा एक फायदाही आहे, तो मेहुण्यांना सांगा. आरोप सिद्ध करण्याचा भार आरोप करणाऱ्यावर असतो.

आता त्या फांद्यांत झाकलेल्या फलकाकडे येऊ. ‘फलक दिसत नव्हता’ हा वाहनचालकांचा सगळ्यात आवडता बचाव. तो कधी भक्कम ठरतो आणि कधी पूर्ण पोकळ. मोटार वाहन चालनाचे २०१७ चे विनियम काही जागांवर फलक असो वा नसो गाडी उभी करायला मनाई करतात. पदपथ, पादचाऱ्यांची पट्टेरी वाट, चौकाच्या लगतचा भाग, बसथांब्याजवळची जागा, शाळा-रुग्णालयाचं प्रवेशद्वार, कुणाच्याही फाटकासमोरची जागा, आधीच उभ्या असलेल्या गाडीला खेटून दुसरी रांग, या सगळ्या त्यात येतात. तुमच्या गाडीची दोन चाकं पदपथावर होती किंवा ती गल्लीच्या तोंडाशीच चौकाला लागून होती, तर फलकाचा वाद घालण्यात अर्थ नाही. ‘सगळेच तिथे लावतात’ हे वाक्य मला पत्रांतून वारंवार वाचायला मिळतं. ते खरंही असतं, पण दहा जणांनी मोडलेला नियम अकराव्यासाठी रद्द होत नाही.

उलट, जागा एरवी मोकळी आणि निव्वळ फलकामुळे निषिद्ध झालेली असेल, तर फलक हाच आरोपाचा आधार आहे. कायद्याचं कलम ११५ वाहनांवर निर्बंध घालण्याचा अधिकार देतं, पण त्यासाठी अधिसूचना लागते. निर्बंध एका महिन्याहून अधिक काळाचा नसेल तर अधिसूचनेऐवजी स्थानिक प्रसिद्धी चालते. कलम ११६ चिन्हं व फलक उभारण्याबद्दल आहे. लोकांना कळावं म्हणून जे उभारायचं तेच झाकलेलं असेल, तर चालकाकडून ते पाळण्याची अपेक्षा कशाच्या बळावर करायची? माझ्या मते या परिस्थितीत तुमची बाजू बळकट आहे, मात्र ती तुम्हाला दाखवून द्यावी लागेल. म्हणून आजच जाऊन फोटो काढा. गाडी ज्या बाजूने गल्लीत शिरली त्या बाजूने, चालकाच्या नजरेच्या उंचीवरून, फलक दिसतो की नाही हे कळेल असे. चार महिन्यांनी काढलेला फोटो काहीच सांगत नाही, तोवर फांद्या छाटलेल्या असतील. सम-विषम तारखांची व्यवस्था त्या रस्त्यावर असेल तर फलकावरचा मजकूरही नीट वाचून घ्या. पुष्कळ जण चूक बाजूला नव्हे, चूक तारखेला गाडी लावतात.

पुराव्याची दुसरी कडी म्हणजे पोलिसांकडचा फोटो. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. इलेक्ट्रॉनिक उपकरणाने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस कशी असावी, हे तो सांगतो. गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दाखवणारा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि मोडलेली तरतूद या गोष्टी तिच्यात हव्यात. अनधिकृत जागी गाडी उभी करणं हा गुन्हाही या नियमाच्या यादीत आहे. नुसती नंबरप्लेट दाखवणारा फोटो तुमची गाडी जगात अस्तित्वात आहे एवढंच सिद्ध करतो. ती निषिद्ध जागी उभी होती हे त्यातून दिसायला हवं. तुमच्या हरकतीचा मुख्य मुद्दा हाच असावा. नोटिशीवर कलम कोणतं छापलंय तेही पाहा. कलम १७७ खाली पहिल्या वेळी पाचशे रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास दीड हजारांपर्यंत दंड आहे, तर चालनाचे विनियम मोडल्याबद्दलच्या १७७-अ खाली पाचशे ते हजार. रक्कम आणि कलम एकमेकांशी जुळत नसतील तर तीही विचारण्याजोगी गोष्ट आहे.

त्याच नियमात नोटीस पंधरा दिवसांत पाठवावी असं म्हटलं आहे, आणि तुम्हाला ती पाच आठवड्यांनी मिळाली. यावर फार उड्या मारू नका. नियम पाठवण्याबद्दल आहे, हाती पडण्याबद्दल नाही. ती नोंदणीच्या पुस्तकातल्या पत्त्यावर आणि मोबाइल क्रमांकावर जाते. तुमच्या पुस्तकात पुण्याचा पत्ता आणि बंद पडलेला क्रमांक असेल, तर उशिराचा दोष समोरच्यावर ढकलणं अवघड आहे. पाठवल्याची तारीख मात्र अवश्य मागा, ती खरोखरच उशिराची निघाली तर हरकतीला धार येईल. काही वाचक विचारतात की पोलिसाने स्वतःच्या मोबाइलवर काढलेला फोटो चालतो का. महाराष्ट्रात वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठ कार्यालयाने २०२५ मध्ये खासगी मोबाइलवर असे फोटो काढायला मनाई केली. तो महाराष्ट्रातला प्रशासकीय आदेश आहे, कर्नाटकात त्याचा आधार घेता येणार नाही. तांत्रिक मुद्द्यांवर सुटणाऱ्यांच्या गोष्टी ऐकायला छान वाटतात, पण तुमच्याकडे झाकलेला फलक आणि अपुरा फोटो असे दोन खरेखुरे मुद्दे असताना उसने मुद्दे कशाला?

आता पत्नीच्या सल्ल्याचा विचार करू, कारण तिघांत तोच सर्वांत व्यवहारी आहे. ‘भरलं म्हणजे गुन्हा कबूल केला’ अशी भीती अनेकांना वाटते. कलम २०० खाली भरलेली रक्कम ही तडजोडीची असते आणि ती भरली की त्या गुन्ह्याबाबत पुढची कारवाई होत नाही. त्यामुळे कपाळावर शिक्का बसेल या भीतीने कुणी न्यायालयात जाऊ नये. तरीही मी आधी हरकत घ्या म्हणतो, ते दोन कारणांनी. एक, हरकतीला लागतात ते तीन फोटो आणि अर्धं पान, तेही येलहंक्याच्या वाहतूक पोलीस ठाण्यात देऊन पोच घेता येते. दोन, चुकीच्या नोटिशी मुकाट्याने भरल्या गेल्या तर तो फलक फांद्यांतच राहतो आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाला तशीच नोटीस जाते. हे तत्त्वज्ञान वाटेल, पण अर्ध्या पानात मावणारं तत्त्व पाळायला हरकत नाही.

हरकत फेटाळली गेली तर मात्र पत्नीचं ऐका. न भरलेली नोटीस आभासी न्यायालयाकडे जाऊ शकते. तिथे ठरवलेला दंड भरण्याचा किंवा प्रकरण लढवण्याचा पर्याय असतो. लढवतो म्हटलं की ते नियमित न्यायालयात जातं, आणि मग येलहंक्याहून हेब्बाळची कोंडी ओलांडून शहरात तारखांना जाणं आलं. एका दिवसाची रजाच दंडाहून महाग पडते. वकील केला तर विचारूच नका. न्यायालयाची पायरी चढण्यासारखी प्रकरणं वेगळी असतात. नंबरप्लेट तुमची पण गाडी तुमची नाही, म्हणजे कुणी बनावट क्रमांक लावून फिरतोय. किंवा गाडी विकून टाकलीय आणि दंड अजून तुमच्या नावावर येतोय. किंवा एकाच उभ्या गाडीवर एकाच प्रसंगाच्या चार नोटिशी. अशा वेळी आज भरलं तर उद्या पुन्हा येणार, म्हणून मुळावरच घाव घालावा लागतो. तुमचं प्रकरण त्या जातीचं नाही.

शेजाऱ्यांच्या सल्ल्याला इतिहासाचा आधार आहे हे मान्य करायला हवं. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकाने थकीत वाहतूक दंडांवर पन्नास टक्के सवलत दिली, तेव्हा बंगळुरूत काही दिवसांत सुमारे १२० कोटी रुपये जमा झाले. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात पुन्हा तशीच सवलत आली आणि वसुली पुन्हा शंभर कोटींच्या पुढे गेली. वेळेवर भरणाऱ्याने पूर्ण द्यायचे आणि थकवणाऱ्याने निम्मे, ही योजना प्रामाणिक माणसाची थट्टा आहे असंच माझं मत आहे. पण त्यावरून तुमचं धोरण ठरवू नका. इंग्लंडात निम्मी सूट लवकर भरणाऱ्याला मिळते आणि ती कायमची लिहून ठेवलेली आहे. इथली सूट सरकारच्या मर्जीवर येते. दरम्यान दंडाची नोंद गाडीच्या खात्यावर राहते, गाडी विकताना किंवा ना-हरकत दाखला काढताना नेमकी तीच आडवी येते.

आणखी एक समजूत ऐकू येते की सहा महिने काढले की दंड आपोआप मरतो. तिच्यात अर्धसत्य आहे. ज्या गुन्ह्याला केवळ दंडाची शिक्षा आहे त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यावी, अशी मर्यादा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे, आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही ती होती. पण विलंब माफ करण्याचा अधिकारही न्यायालयाला आहे. न्यायालयात बचावाचा मुद्दा म्हणून हे कलम उपयोगी पडेल, घरी बसून राहण्याचा बेत म्हणून नाही.

तुम्ही विचारलं नाहीत तरी एक गोष्ट सांगणं भाग आहे. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीला कलम ४७ प्रमाणे तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि पत्ता बदलल्याचं कलम ४९ प्रमाणे तीस दिवसांत कळवावं लागतं. तुम्हाला इथे येऊन तीन वर्षं झाली आणि पाटी अजून एमएच १२ ची आहे. नो-पार्किंगच्या दंडावरून दंडाधिकाऱ्यांसमोर उभं राहिलात तर हा विषय कुणीतरी काढण्याची शक्यता आहे. कर्नाटकाचा रस्ताकर त्या दंडाच्या कित्येक पट निघेल. येलहंक्यातल्या अनेक मराठी घरांसमोर अशाच गाड्या उभ्या दिसतात, म्हणून हे इथे मुद्दाम लिहिलं.

तेव्हा तुमच्यापुरता निर्णय असा. गाडी पदपथावर, चौकालगत किंवा फाटकासमोर उभी असेल तर पूर्ण रक्कम याच आठवड्यात भरा. तसं नसेल तर नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत फोटोंसह लेखी हरकत द्या. त्या गल्लीच्या नो-पार्किंगची अधिसूचना पाहायची असेल तर माहिती अधिकारात मागा. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क दहा रुपये. उत्तराला तीस दिवस लागू शकतात, म्हणून त्यासाठी हरकत अडवून ठेवू नका. हरकत फेटाळली गेली तर पैसे भरा, पावती जपून ठेवा आणि नोंदणीचं काम हाती घ्या.