सुई ओवायचा थ्रेडर विकताय? आधी गिऱ्हाईकाची सुई बघा



या भागाच्या व्हिडिओत मी सुईत दोरा ओवायची साधनं वापरून दाखवली आहेत. दुकानात उपयोगी पडेल असा बाकीचा तपशील इथे लिहिते. वही-पेन घेऊन बसा.

आधी माझी चूक सांगते. कराडला आमचं टेलरिंग मटेरियलचं दुकान आहे. तिथे एक काकू नेहमी येतात. घरी साड्यांना फॉल लावायचा आणि ब्लाउजला हूक लावायचे, हे त्यांचं काम. वय साठीच्या पुढे. हात अजून झरझर चालतो, पण सुईचं नेढं दिसत नाही. त्यांचा नातू शाळेत जाण्याआधी दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायचा. त्या संपल्या की तो घरी येईपर्यंत काम बंद. मग नातू अकरावीसाठी पुण्याला जायचं ठरलं. काकू दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "पोरी, सुई ओवायचं काही मिळतं का गं?"

मी काउंटरवरचा पत्र्याचा थ्रेडर दिला. "दहा रुपये, काकू." दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या, तार निसटली होती. मी दुसरा दिला. तोही तुटला. तेव्हा काकू म्हणाल्या, "राहू दे गं. आता कामच बंद करते."

बीबीएला गिऱ्हाईकाची गरज ओळखण्यावर मी पानंच्या पानं लिहिली होती. इथे मात्र सुई कोणती, दोरा कोणता, एवढंही विचारलं नव्हतं. काकूंना बसवून घेतलं आणि त्यांची डबी उघडली. आत १० नंबरची बारीक सुई होती आणि त्याच सुईत त्या हुकांचा जाड दोरा ओवत होत्या. तार तुटणारच होती.

वेळ किती जातो?

फॉल साधारण अडीच मीटरचा असतो. एक बाजू हाताने घालायची आणि दोरा हातभर घ्यायचा, तर सहा-सात वेळा सुई ओवावी लागते. समजा, दर वेळी दोन मिनिटं गेली, तर एका साडीमागे बारा-चौदा मिनिटं. दिवसाला पाच साड्या असतील तर तासभर वेळ नुसता ओवण्यात. तो वाचवायला बायका लांबलचक दोरा घेतात. मग दोरा पिळतो, गाठी पडतात आणि टाका बिघडतो. चाळिशी लागलेल्या प्रत्येक गिऱ्हाईकाची ही अडचण असू शकते. पण स्वतःहून कोणी सांगत नाही, विचारावं लागतं.

फुकटातले उपाय

आधी हे सांगा. विक्री लगेच होणार नाही, पण विश्वास बसेल.

१. दोरा दातांनी तोडू नका. धारदार कात्रीने तिरका कापा.
२. कापसाचा दोरा थुंकीने ओला केला की फुगतो. त्यापेक्षा टोकाला मधमाशीचं मेण लावून नखांनी चपटं करा.
३. नेढ्यामागे पांढरा कागद धरा. दोरा पांढरा असेल तर काळा.
४. दोरा चिमटीत अगदी टोकाशी धरा आणि सुई दोऱ्यावर आणा.
५. जात नसेल तर सुई फिरवून दुसऱ्या बाजूने ओवा. नेढं ठोकून पाडलेलं असतं, त्यामुळे एक बाजू जास्त गुळगुळीत असू शकते.

कोणतं साधन कशासाठी?

तारेचा थ्रेडर. पत्र्याच्या चकतीवर बाईचा चेहरा छापलेला असतो, तो हाच. तारेचा चौकोनी फासा नेढ्यातून घालायचा, फाशात दोरा अडकवायचा आणि मागे ओढायचं. दोरा नेढ्यातून जाताना दुहेरी होतो, हे लक्षात ठेवा. म्हणून बारीक सुई आणि जाड दोरा असला की तार पत्र्यातून निसटते. ओढताना चकती न धरता तार जिथे चकतीला जोडली आहे तिथे बोटं ठेवायला सांगा. थ्रेडर जास्त टिकतो.

आकड्याचा थ्रेडर. पातळ स्टीलच्या पट्टीला बारीक आकडा असतो. भरतकामाचे पदरी दोरे आणि लोकर यांसाठी चांगला. टिकतो भरपूर, पण नेढं मोठं लागतं.

टेबलावरचा थ्रेडर. सुई नेढ्याकडून खाली सोडायची, दोरा खाचेत आडवा ठेवायचा आणि खटका दाबायचा. आतली बारीक पिन दोरा नेढ्यातून ढकलते. नजर कमी असलेल्यांना हा सगळ्यात सोयीचा. पण मध्यम सुई आणि साधा शिलाईचा दोरा असेल तरच. खूप बारीक सुईत किंवा जाड दोऱ्याला चालत नाही.

वरून खाच असलेली सुई. दोरा वरून दाबला की खटकन आत बसतो. बटण लावायला किंवा प्रवासात उत्तम. गोधडीसारख्या ओढाताणीच्या कामात दोरा झिजतो किंवा खाचेतून सुटतो, त्यामुळे तिथे देऊ नका.

आणि कित्येकदा थ्रेडर लागतच नाही. हातशिलाईच्या सुईत नंबर वाढला की सुई बारीक होते आणि नेढं लहान होतं. एम्ब्रॉयडरीच्या सुईची जाडी त्याच नंबरच्या साध्या सुईइतकीच असते, पण नेढं लांबट असतं. काकूंना मी फॉलसाठी ८ नंबरची एम्ब्रॉयडरीची सुई आणि टेबलावरचा थ्रेडर दिला. हुकांसाठी जाड सुई वेगळी काढून दिली. दुकानातच पाच वेळा त्यांच्याकडून ओवून घेतलं, मग पैसे घेतले. काकूंचं फॉलचं काम आजही चालू आहे. हुकांचं त्यांनी कमी केलं, कारण डोळ्यांना ताण होतो. सगळंच साधनाने सुटत नाही, हेही गिऱ्हाईकाला सांगायला हवं.

तुमच्या दुकानासाठी

* तीन प्रश्न काउंटरवर चिकटवून ठेवा: सुई कोणती? दोरा कोणता? काम कोणतं?
* एक थ्रेडर, दोन सुया आणि रीळ दोरीने बांधून काउंटरवर ठेवा. गिऱ्हाईकाला स्वतः करून बघू द्या.
* टेबलावरचे थ्रेडर एकदम डझनाने भरू नका. दोन-तीन आणा, तुमच्याच दुकानातल्या सुयांवर तपासा, मगच ऑर्डर द्या.
* सुईचं पाकीट, दोन तारेचे थ्रेडर आणि मेणाचा तुकडा असा संच करा. समजा, खरेदी २२ रुपये पडली आणि ३५ ला विकला, तर १३ रुपये सुटतात. सुट्या थ्रेडरवर तीन-चारच सुटले असते.
* पहिला थ्रेडर तुटला तर बदलून द्या. पण बदलताना तुटला कसा ते विचारा. तिथेच खरी माहिती मिळते.

होमवर्क: घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या आजीला तुमच्यासमोर सुई ओवायला सांगा. मदत करू नका, फक्त बघा. हात नेमका कुठे अडतो ते वहीत लिहा. पुढच्या भागात त्याच नोंदीवरून दुकानात कोणता माल किती भरायचा, ते ठरवू.

भेटूया!