96 पर्सेंटाईल, पण किती जणांत?

ट्रॉम्ब्यात एमबीएच्या प्रवेश परीक्षांची माहिती अणुशक्तीनगर वसाहतीच्या भिंतीपाशी येऊन थांबते. भिंतीच्या आत कॅट, झॅट, जीमॅट ही नावं शाळेतल्या पोरांच्याही तोंडी असतात. भिंतीबाहेर पायलीपाडा, चिता कॅम्प, कोळीवाड्यात सल्ला एकच मिळतो: "एमबीए करायचंय ना, मग क्लास लाव." मी भिंतीबाहेरची. बी.कॉम. झालं आणि क्लास लावला.

क्लासचं नाव घेत नाही, तसे पुष्कळ आहेत. 'कॅट-सीईटी कम्बाइन्ड' अशी बॅच होती. दर महिन्याला सराव परीक्षा व्हायची आणि निकाल भिंतीवर लागायचा, तोही पर्सेंटाईलमध्ये. माझे 96 आले तेव्हा बाबांनी अख्ख्या चाळीला सांगितलं. नोव्हेंबरात खरी कॅट दिली आणि निकालात सत्तरीतला आकडा आला. "पेपरच्या दिवशी बरं वाटत नव्हतं का गं?" असं आई कितीतरी दिवस विचारत होती. मी ठणठणीत होते. क्लासने 96 काढले होते ते बॅचमधल्या पन्नासएक पोरांत, आणि हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

पन्नासांत 96 पर्सेंटाईल म्हणजे तुमच्या पुढे दोन जण. 2024 ची कॅट सुमारे 2 लाख 93 हजार जणांनी दिली. तिथे 96 म्हणजे पुढे जवळजवळ बारा हजार. पर्सेंटाईल म्हणजे नळावरच्या रांगेतला नंबर. हंडा किती भरला ते त्यावरून कळत नाही. तेव्हा कुणी आकडा सांगितला की आधी विचारायचं, किती जणांत? देशभरातून हजारोंनी दिलेल्या सराव परीक्षेतले 80 हे बॅचमधल्या 96 पेक्षा खरे असतात. मात्र ते भिंतीवर लावून फी गोळा होत नाही.

राज्याच्या सीईटीला लाखाहून अधिक मुलं बसतात, म्हणजे 99 पर्सेंटाईलवाल्याच्याही पुढे हजारभर जण. चर्चगेटच्या जमनालाल बजाजला एमएमएसच्या, म्हणजे तिथल्या एमबीएच्या, जागा 120. म्हणून तिथली खुल्या प्रवर्गाची स्पर्धा 99 च्या पुढच्या दशांशांवर चालते. "मला 99 मिळाले, बजाज नक्की" असं म्हणणारं पोर दरवर्षी एक तरी भेटतं आणि त्याला हे सांगणं माझ्या जिवावर येतं. सीईटी अनेक सत्रांत होते, त्यामुळे तेवढेच गुण मिळालेल्या दोघांचे पर्सेंटाईल वेगळे येऊ शकतात, हेही घरी आधीच सांगून ठेवलेलं बरं.

'कम्बाइन्ड' बॅचचं दुसरं नुकसान माझ्या उशिरा लक्षात आलं. सीईटीत दीडशे मिनिटांत 200 प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला पाऊण मिनिट. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, शेवटच्या मिनिटाला डोळे मिटून का होईना, पर्याय निवडायचाच. कॅट याच्या उलट. प्रश्न सीईटीच्या जेमतेम एक तृतीयांश, चाळीस-चाळीस मिनिटांचे तीन भाग, आणि एक भाग संपला की मागे जाता येत नाही. बरोबर उत्तराला तीन गुण, बहुपर्यायी प्रश्न चुकला तर एक वजा. उत्तर स्वतः टाइप करायच्या प्रश्नांना मात्र कपात नाही. एकीकडे काही सोडायचं नाही, दुसरीकडे सोडायलाच शिकायचं. दोन्ही सवयी एकाच तासाला लावल्या की हात चुकीच्या पेपरात चुकीचं वागतो. माझा वागला. एकाच वर्षी दोन्ही परीक्षा द्यायला हरकत नाही, पण नोव्हेंबरपर्यंत कॅटच्या पद्धतीने सराव करा आणि ती झाल्यावर सीईटीचा वेग धरा.

कोणती परीक्षा हे कॉलेजवरून ठरवायचं. क्लासच्या वेळापत्रकावरून नाही. पवईची नीटी 2023 मध्ये आयआयएम मुंबई झाली, तिथे कॅट लागते. आपल्या शेजारच्या देवनारच्या टिसचा एचआरचा अभ्यासक्रम पूर्वी टिसनेटवर होता, तोही आता कॅटवर गेला. जुनी पुस्तकं घेऊन टिसनेटची तयारी करणारी मुलगी मला अलीकडेच भेटली. आयआयएममध्ये दहावी-बारावीचे गुण आणि मुलाखतही धरतात. सीईटीच्या केंद्रीय प्रवेश फेरीत मुलाखत नाही, आकडा बोलतो. परदेशी जाणाऱ्यांच्या जीमॅटचे गुण पाच वर्षं चालतात, कॅटचे एकच वर्ष. नव्या जीमॅटची गुणपट्टी 205 ते 805 आहे, तेव्हा दादाच्या वेळच्या 700 शी तुलना करत बसू नका.

आता कागदपत्रं. आमच्या भागातली मुलं पेपरापेक्षा इथेच जास्त अडतात. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या 31 मार्चपर्यंत वैध लागतं. 2024-25 च्या प्रवेशाला ही तारीख 31 मार्च 2025 होती. जानेवारीत हौसेने काढलेलं, पण त्याच मार्चअखेर संपणारं प्रमाणपत्र पावसाळ्यातल्या फेऱ्यांत कामाला येत नाही आणि मुलगा खुल्या प्रवर्गात ढकलला जातो. म्हणून कागद हातात पडला की सेतू केंद्रातून निघायच्या आधी त्यावरची शेवटची तारीख वाचा. जात पडताळणीचा अर्ज तर सीईटीच्या अर्जाच्याही आधी करा.

कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना मानखुर्दहून हार्बरने सोपं पडतं म्हणून कुठलंही कॉलेज पहिलं टाकू नका. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं तर ती जागा आपोआप कायम होते आणि पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद होतो.

मुलींच्या आईवडिलांना एक वेगळं सांगते. जुलै 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणे कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत असेल तर ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. संस्थास्तरावरच्या जागेला ही माफी नाही, आणि निकालानंतर घरी फोन करणारा एजंट नेमकी तीच जागा विकत असतो.