माळरान आणि माळढोक

सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे माळरान ही पडीक जमीन नव्हे. ते माळढोक पक्ष्याचे घर होय. १९७९ साली त्यासाठी अभयारण्य घोषित झाले. मात्र १९७१ मध्ये सुमारे ५.०४ कोटी असलेली राज्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ११.२४ कोटींवर गेली. माळ नांगराखाली आले. सिंचनामागून ऊस आला, विजेच्या तारा आल्या. मादी सहसा एकच अंडे उघड्या जमिनीवर घालते. त्यामुळे हवामान बदलाने लहरी झालेला पाऊस उरल्यासुरल्या अधिवासासही धोक्याचा ठरतो. आज तेथे माळढोक क्वचितच दिसतो. हेच गवत गुरांना चारा देते, माती धरून ठेवते. म्हणून जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थापन झालेल्या गावसमितीने गायरानाची नोंद ठेवून ते राखणे अगत्याचे आहे.